‘मशीन चालतंय ना?’ : कामगारांच्या हाती विजेची हत्यारे देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कामाच्या जागेवर विजेची हत्यारे आणि तात्पुरती वीज पुरवणारे सर्व कंत्राटदार, मुकादम व पर्यवेक्षक यांस

विषय : चालणारे हत्यार आणि धोका नसलेले हत्यार यांतला फरक

महोदय, महोदया,

मी विजेची हत्यारे दुरुस्त करतो. ड्रिल, ग्राइंडर, कटर, रंधा, ब्रेकर अशी मशिने माझ्या टेबलावर येतात, उघडली जातात, दुरुस्त होऊन परत कामावर जातात. ती न्यायला आपण येता तेव्हा एकच प्रश्न विचारता : “चालतंय ना?” मी बटण दाबून दाखवतो, मोटर फिरते, आपण पैसे देऊन निघता. मशीन चालत असतानाही ते माणसाचा जीव घेऊ शकते, ही गोष्ट मी अनेकांना तोंडी सांगून पाहिली. तिचा उपयोग झाला नाही, म्हणून आता लिहून मांडतो आहे. कार्बन ब्रश झिजला, स्विच जळला किंवा गिअर तुटला की काम अडते आणि तासाभरात मशीन माझ्याकडे येते. अर्थिंगची, म्हणजे बॉडीत गळलेली वीज जमिनीकडे नेणारी वायर तुटली तर काहीच अडत नाही, मोटर तितक्याच जोमाने फिरत राहते आणि म्हणून ते मशीन माझ्याकडे कधी येतच नाही.

एकदा आले, ते कसे आले ते सांगतो. एका कंत्राटदाराने धातूच्या बॉडीचे जुने, वजनदार ड्रिल पोत्यात घालून आणले. त्यांचे म्हणणे असे, की मशीन उत्तम आहे, फक्त ‘कधीकधी हाताला मुंग्या येतात’. आदल्या दिवशी त्याच ड्रिलने काम करणारा एक मदतनीस लाकडी घोड्यावरून खाली पडला होता आणि त्याचे मनगट मोडले होते. त्याच्या एका हातात ड्रिल होते आणि दुसऱ्या हाताने त्याने तोल सावरण्यासाठी भिंतीतून बाहेर आलेली सळई धरली होती. पडल्यामुळे सळई सुटली, म्हणून तो वाचला. मी आधी प्लग उघडला. अर्थिंगची हिरवी वायर मुळापासून कापलेली होती, तिच्या टोकावर टेपचे तीन-चार वेढे कडा दाबून व्यवस्थित बसवलेले होते आणि ते टोक मागे वळवून ठेवले होते. कुणीतरी हे काम मन लावून केले होते.

कारण कळायला ड्रिल उघडावे लागले. ब्रश होल्डरच्या भोवती कार्बनची काळी भुकटी, त्यात सिमेंटची धूळ आणि ओल असा थर साचून फेजपासून (जिवंत वायरीपासून) बॉडीपर्यंत विजेला वाट तयार झाली होती. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावला तेव्हा इन्सुलेशन जवळजवळ शून्यावर आले. म्हणजे आधीच्या एखाद्या जागेवर हे ड्रिल लावले की आरसीसीबी (वीज भलतीकडे गळू लागली की आपोआप पडून पुरवठा तोडणारे स्विच) पडत असणार. ती सारखी पडते म्हणून कुणीतरी शोध घेतला, हिरवी वायर कापली की ती पडायची थांबते हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ‘दुरुस्ती’ केली. त्याच्या दृष्टीने दोष गेला होता, कारण मशीन चालू लागले होते. पुढे ते ड्रिल अशा जागेवर गेले जिथे आरसीसीबीच बसवलेली नव्हती, आणि गळणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला त्या मुलाच्या हातांशिवाय दुसरी वाट उरली नाही.

कंत्राटदारांनी मला विचारले, “पण एमसीबी होती ना बोर्डात, ती का पडली नाही?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की उत्तर सविस्तर देणे भाग आहे. एमसीबी, म्हणजे वायरीतून फार जास्त करंट वाहू लागला की पडणारे स्विच, वायरीला वाचवण्यासाठी असते, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर घामाने ओल्या झालेल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर त्याच्यातून ०.२३ अँपिअर करंट जातो. हा करंट पन्नासेक वॅटच्या बल्बाइतका झाला. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. ‘सी’ प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. माणसाचे गणित मात्र अँपिअरच्या हजाराव्या भागात चालते. साधारण १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, ३० च्या आसपास श्वास अडू लागतो, आणि त्याच्या पुढे करंट किती वेळ वाहतो यावर हृदयाची लय बिघडायची की नाही हे ठरते.

अर्थिंग असले की एमसीबी पडेलच, हा दुसरा गैरसमज. अनेक जागांवर एक सळई ठोकून तिला वायर गुंडाळली जाते आणि अर्थिंग झाले असे समजले जाते. त्या सळईचा रोध २० ओहम असेल, तर फेज बॉडीला लागल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड आहे. ती पडणार नाही, मशीन फिरत राहील, सळई गुपचूप गरम होत राहील आणि मशीनची बॉडी जिवंत वायरीइतकीच धोकादायक राहील. ती एमसीबी तत्काळ पडायची हमी हवी असेल, तर फेजपासून निघून अर्थिंगमार्गे परत ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या संपूर्ण वाटेचा रोध १.४ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा लागतो. नुसत्या ठोकलेल्या सळईने तेवढे साधणे फार अवघड असते.

याच कारणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असते. तिच्यात फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) या दोन्ही वायरी एकाच गाभ्यातून जातात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा असला की ती शांत असते. काही भाग वाटेत दुसरीकडे, म्हणजे बॉडीकडे किंवा माणसाकडे गेला, की फरक पडतो आणि ती पडून पुरवठा तोडते. १५० मिलिअँपिअरच्या फरकाला तिने ४० मिलिसेकंदांत पडावे असे तिचे मानक सांगते. त्या मदतनिसाच्या अंगातून याहून जास्त करंट गेला असणार. आरसीसीबी असती तर त्याला झटका बसलाच असता, पण हात आवळून धरण्याइतका वेळ मिळाला नसता.

आता तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण आरसीसीबी बसवली की काळजी मिटली असे मानणारेही मला भेटतात. कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि तो जमिनीपासून अलग असला, तर तिला तो माणूस मशीनसारखाच दिसतो आणि ती पडत नाही. ओव्हरलोडशी तिचा संबंध नाही, त्यासाठी एमसीबी सोबत लागतेच. टेस्टचे बटण दाबल्यावर ती पडली, तर तिची यंत्रणा हलते एवढेच सिद्ध होते, अर्थिंग ठीक आहे असे नव्हे, कारण ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रल यांच्यात एक छोटा रोध जोडते आणि अर्थिंगची वायर मुळीच नसली तरी काम करते. छोट्या जनरेटरची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या वाइंडिंगचे (आतल्या तारेच्या गुंडाळीचे) कोणतेच टोक बॉडीला किंवा जमिनीला जोडलेले नसेल, तर जमिनीमार्गे परत यायला करंटला वाटच नसते, आरसीसीबी नुसती शोभेला उरते, आणि तिथेही टेस्टचे बटण दाबले की ती ऐटीत पडून दाखवते. जनरेटर भाड्याने आणताना त्याचा न्यूट्रल कसा जोडला आहे हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

यानंतर एक्स्टेंशनची वायर. तुमच्या खिशाला सर्वांत मोठे भोक हीच पाडते, म्हणून तिच्याविषयी तरी आपण ऐकाल अशी आशा आहे. एका जागेवरून मोठा ग्राइंडर दर तीन-चार आठवड्यांनी जळका आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) घेऊन माझ्याकडे यायचा. आर्मेचरचे एखादेच कॉइल काळे पडले असेल तर दोष त्या कॉइलमध्ये असतो. इथे सगळे वाइंडिंग एकसारखे तपकिरी-काळे झालेले असायचे, वार्निशचा जळका वास दुकानभर पसरायचा, म्हणजे मशीन सतत ताणाखाली तापत होते. तिसऱ्या वेळी मी स्वतः जागेवर गेलो. ग्राइंडर २२०० वॅटचा, आणि त्याच्या मागे पन्नास मीटरची पाऊण एमएमची (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर छेदाची) वायर, जिची क्षमता सहा अँपिअरच्या आसपास.

हिशेब आपणच पाहा. पाऊण एमएम तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध किलोमीटरला २६ ओहम असतो. पन्नास मीटर जायला आणि पन्नास यायला मिळून २.६ ओहम झाले. ग्राइंडर २३० व्होल्टवर साडेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे २५ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि अडीचशे वॅटच्या जवळपास उष्णता त्या वायरीत निर्माण होते. मशीनला उरतात २०५ व्होल्ट. वेग कमी झाला की कारागीर अधिक दाबतो, दाबले की करंट वाढतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडते, आणि मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे नेमका गरजेच्या वेळी हळू फिरतो. हीच वायर अडीच एमएमची असती, तर रोध ०.८ ओहम, घट आठ व्होल्टांहून कमी आणि उष्णता पाऊणशे वॅटच्या आत राहिली असती. त्या जागेवर वायर बदलल्यानंतर तो ग्राइंडर आर्मेचरसाठी माझ्याकडे परत आला नाही. माझे एक गिऱ्हाइकच कमी झाले म्हणा!

वायर रीलवर गुंडाळलेली असताना मोठे मशीन चालवणे ही याच चुकीची पुढची पायरी आहे. उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, आणि रील पूर्ण उलगडलेले असताना किती वॅट चालतील व गुंडाळलेले असताना किती, हे दोन वेगळे आकडे पुष्कळ रीलांवर छापलेले असतात ते कुणी वाचत नाही. मी अशी रीले उघडली आहेत, ज्यांच्या आतल्या थरांचे आवरण वितळून सगळ्या वेढ्यांचा एकच गोळा झाला होता. बाहेरचे वेढे मात्र नव्यासारखे होते आणि बोर्ड चालू होता.

काही मशिनांच्या प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे. अशा मशीनला अर्थिंगची वायर नसते आणि ती नसणे हा दोष नव्हे, त्यामुळे दोन कोअरची (आत दोनच तारा असलेली) वायर दिसली म्हणून त्याला वाईट ठरवू नये. पण खूण नसलेल्या, धातूच्या बॉडीच्या मशीनला कुणी दोन कोअरची वायर लावून दिली असेल, तर ते त्याच क्षणी बाजूला काढले पाहिजे. दुहेरी इन्सुलेशनलाही पाणी चालत नाही. पाणी सोडून फरशी कापताना मशीनच्या हवेच्या जाळीतून आत चिखल गेला, की दोन्ही आवरणांवर एकच ओला थर पसरतो आणि मग दुहेरीपणा कागदावर राहतो.

डिस्कबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथेही ‘चालते’ हाच घात आहे. छोट्या ग्राइंडरचा गार्ड काढून त्याला मोठी डिस्क लावली तर ती बसते आणि फिरतेही. १८० मिलिमीटरच्या कटिंग डिस्कची मर्यादा मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांची, म्हणजे कडेला सेकंदाला ८० मीटर वेगाची असते. ११,००० फेऱ्यांच्या छोट्या मशीनवर तिच्या कडेचा वेग १०३ मीटरच्या पुढे जातो आणि तिला फाडू पाहणारे बल दीडपटीहून अधिक होते. तेही गार्डशिवाय, चेहऱ्यासमोर. बॅटरीच्या हत्यारांनी तर आपल्यातले बरेच जण निर्धास्त झाले आहेत. अठरा व्होल्टने झटका बसत नाही हे खरे, पण भिंतीतल्या जिवंत वायरीत बिट शिरले तर बिट, चक आणि पुढचा धातूचा भाग हे सगळे २३० व्होल्टवर जाते, मग मशीन बॅटरीचे असो वा नसो. म्हणून हात इन्सुलेटेड मुठीवरच हवा, आणि भोक पाडण्याआधी त्या भिंतीचा पुरवठा बंद हवा.

पुरवठा बंद आहे हे ठरवायचे कशाने, हाही प्रश्न आहेच. खिशातला निऑन टेस्टर लागला नाही म्हणून वायर मेली, असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. तो दिवा माणसाच्याच अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म करंटवर लागतो. माणूस कोरड्या लाकडी घोड्यावर रबरी बूट घालून उभा असेल किंवा भर उन्हात असेल, तर तो लागणार नाही किंवा लागलेला दिसणार नाही. याच्या उलट, एक्स्टेंशनमधला न्यूट्रल वाटेत तुटला आणि बोर्डाला एखादे मशीन किंवा दिवा जोडलेला असला, की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. नवशिक्या गोंधळतो, मशीन बंद आहे म्हणून बेफिकीरपणे न्यूट्रलची वायर हाताने ओढतो आणि त्याला झटका बसतो, कारण मशीनच्या वाइंडिंगमधून फेज त्याच न्यूट्रलपर्यंत आलेली असते. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा चांगला मल्टिमीटर घ्यावा, आधी तो चालू जागेवर लावून पाहावा, मग कामाच्या जागी तपासावे, आणि शेवटी पुन्हा चालू जागेवर लावून तो मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करावी.

आपला आक्षेप मला माहीत आहे. कामाची मुदत डोक्यावर असते आणि प्रत्येक मशीन रोज कोण उघडत बसणार? रोज उघडायचे नाहीच. मी मागतो आहे ते इतकेच, की प्रत्येक जागेवर एका माणसाला हे काम नावाने द्या, आणि एखादे मशीन बाजूला काढायचा अधिकारही त्यालाच द्या, मग तिकडे स्लॅबचे काम का थांबेना. सकाळी वीज चालू करण्यापूर्वी त्याने प्लग, वायर आणि मशीनमध्ये वायर शिरते तिथले रबर हाताने चाचपून पाहावे, कारण वायर बहुतेक वेळा तिथेच आतून तुटते. वीज चालू झाल्यावर आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे. ठरावीक महिन्यांनी सगळी मशिने मेगरवर आणि अर्थिंगच्या चाचणीवर घ्यावीत. ही चाचणी साध्या मल्टिमीटरने करू नये. अर्थिंगची वायर शेवटच्या एका तारेवर टांगलेली असली तरी मल्टिमीटर ‘टू’ असा आवाज करून सगळे ठीक असल्याचे सांगतो, म्हणूनच त्यासाठी त्या वायरीतून दहा किंवा पंचवीस अँपिअर पाठवणारे उपकरण वापरतात.

प्लग बसवणाऱ्यालाही दोन गोष्टी शिकवाव्या लागतील. हिरवी वायर इतर दोघींपेक्षा बोटाच्या पेरभर जास्त लांब ठेवायची, म्हणजे ओढ बसली आणि पकड सुटली तरी ती सर्वांत शेवटी निघेल. बऱ्याच प्लगांत अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते ती याच विचाराने, ती सर्वांत आधी लागते आणि सर्वांत शेवटी सुटते. आणि तारांच्या टोकांना कथील लावून ती स्क्रूखाली दाबू नये. कथील दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू ढिला पडतो आणि प्लग आतून जळतो. त्याऐवजी थिंबल, म्हणजे तारांच्या टोकावर बसवायची धातूची टोपी, दाबून लावावी.

शेवटची मागणी तुम्हाला सर्वांत जड जाईल. ‘हाताला मुंग्या येतात’ हे वाक्य त्या मदतनिसाने पडण्यापूर्वी दोनदा सांगितले होते, असे मला नंतर समजले. दोन्ही वेळा त्याला हातमोजे घालायला सांगण्यात आले. कामगार असे काही सांगेल तेव्हा त्या क्षणी मशीनचा प्लग काढा, त्याचा त्या दिवसाचा रोज कापू नका, आणि मशीन माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडेही पाठवताना चिठ्ठीवर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘चालत नाही’ असे लिहून आलेले मशीन मी चालू करून देतो. ‘मुंग्या येतात’ असे लिहून आले, तर मी आधी प्लग उघडीन.

त्या ड्रिलची वायर मी प्लगपासून तोडून ठेवली आहे, म्हणजे कुणी ते उचलून पुन्हा बोर्डात लावणार नाही. ते अजून माझ्या दुकानात मागच्या फळीवर आहे. कंत्राटदार ते न्यायला आले होते आणि मशीन चालू असताना मी ते का तोडले, असे त्यांनी विचारले होते. त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, ते या पत्रात दिले आहे.

कळावे,
आपला,
हत्यारे दुरुस्त करणारा एक कारागीर